मोटारसायकल आणि गावचा रस्ता : अपघात कसे टाळावेत

एके काळी ग्रामसेवक गावोगाव फिरे तो सायकलवरून, आणि शेतकरी बाजारास जाई तो बैलगाडीने अथवा पायी. आज ती स्थिती राहिलेली नाही. पहाटे डेअरीवर दूध पोचविणे, दुपारी शेतावर भाकरी नेणे, तालुक्याच्या गावाहून खताची गोणी अथवा बियाण्याची पिशवी आणणे, मुलास शाळेत सोडणे, रात्री विजेच्या पाळीप्रमाणे मोटार चालू करण्यास मळ्यात जाणे, ही सर्व कामे आता मोटारसायकलवरून होतात. म्हणजे मोटारसायकल हे शेतकऱ्याचे एक अवजारच झाले आहे असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

परंतु इतर अवजारांच्या बाबतीत आपण जी सावधगिरी बाळगतो, ती ह्या अवजाराच्या बाबतीत क्वचितच बाळगली जाते. मळणी यंत्राच्या तोंडाशी हात नेताना माणूस दहा वेळा विचार करतो. फवारणीचे औषध मोजून घेतो, मुलांपासून दूर ठेवतो. तोच माणूस पाठीमागे पत्नीस व पुढे टाकीवर मुलास बसवून, हँडलला पिशव्या अडकवून, उघड्या डोक्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने निघतो, आणि त्यात त्यास काही विशेष वाटत नाही. प्रस्तुत लेखात ह्या नित्याच्या वाहनापासून होणारे अपघात कोणत्या कारणांनी होतात व ते टाळण्यासाठी काय करावयास पाहिजे, ह्याचा विचार केला आहे.

हानी किती मोठी आहे

केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४.५, ही दुचाकीवरील माणसे होती. हेल्मेट न घातल्यामुळे प्राणास मुकलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. त्यांपैकी ३५,६९२ चालक होते व १४,३३७ मागे बसलेले होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात घडले. महाराष्ट्रात त्या एका वर्षात १५,२२४ माणसे रस्त्यांवर दगावली.

अपघात शहराच्या गर्दीत होतात, आपल्या मोकळ्या रस्त्यावर कसले अपघात, असा एक समज खेड्यात आढळतो. वरील आकडे पाहता तो समज चुकीचा आहे हे उघड होते. रस्ता मोकळा असतो म्हणूनच वेग वाढतो. आणि त्याच रस्त्यावर गुरे, बैलगाड्या, ट्रॉल्या, वाळत घातलेले धान्य व पायी जाणारी माणसे एकत्र नांदत असतात.

एका सभेची गोष्ट

हे लिहिण्यास एक कारण घडले आहे, ते सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. सहा वर्षांपूर्वी मार्गशीर्ष महिन्यात हरभऱ्यावरील घाटे अळीच्या नियंत्रणासंबंधी मी एका गावी शेतकऱ्यांची सभा बोलाविली होती. सभेची वेळ दुपारी तीनची होती. बोलाविलेले पाहुणे पाच वाजता आले. सत्कार व भाषणे होऊन प्रत्यक्ष माहिती देण्यास सहा वाजले आणि सभा संपली तेव्हा पुरता अंधार पडला होता. लोक जाण्यास उत्सुक होते हे मला दिसत होते. परंतु माहिती अपुरी राहू नये म्हणून मी त्यांस बसवून ठेवले.

नऊ किलोमीटर अंतरावरील एका वस्तीवरून दोन भाऊ त्या सभेस आले होते. परतताना वाटेत उसाने भरलेली एक ट्रॉली चाक पंक्चर झाल्यामुळे रस्त्यातच उभी होती. तिच्या चाकामागे धोंडे लावलेले होते, पण मागे दिवा नव्हता, रेडियमची पट्टीही नव्हती. समोरून येणाऱ्या वाहनाच्या उजेडाने थोरल्याचे डोळे दिपले आणि गाडी ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर आदळली. थोरल्याने हेल्मेट घातले होते. त्याच्या गळ्याचे हाड व मनगट मोडले. मागे बसलेल्या धाकट्याच्या डोक्यावर काही नव्हते. तो सव्वीस वर्षांचा होता. तो शुद्धीवर आलाच नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या घरी गेलो. शेतातील हरभऱ्यास घाटे लागले होते आणि अळीही पडली होती. फवारणी कशी व केव्हा करावी हे ऐकण्यासाठीच ते दोघे आले होते. आता फवारणी करण्यास घरात माणूस नव्हता. शेजाऱ्यांनी मिळून ती केली. ट्रॉलीवाल्याचा दोष होता हे खरे. परंतु सभा पाच वाजता संपली असती तर ते दोघे उजेडी घरी पोचले असते, हेही तितकेच खरे आहे. तेव्हापासून मी ह्या विषयाकडे कृषिविस्ताराच्या कामाचाच एक भाग म्हणून पाहू लागलो.

वेगाचा हिशेब

समोर अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंतच्या अंतराचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे डोळ्यांनी पाहून, मनाने ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंत गाडीने तोडलेले अंतर. ह्यास साधारण एक सेकंद लागतो असे धरू. दुसरा भाग म्हणजे ब्रेक लागल्यावर गाडी घसटत थांबते ते अंतर. वेग दुप्पट झाला की हा दुसरा भाग चौपट होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

कोरडी डांबरी सडक व दोन्ही ब्रेक चांगले असे धरून हिशेब केला तर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास सुमारे २३ ते २४ मीटर लागतात. ताशी ६० च्या वेगास हेच अंतर सुमारे ४५ मीटर होते. रस्ता ओला असल्यास ते ६० मीटरच्याही पुढे जाते आणि खडी अथवा चिखल असल्यास त्याचा भरवसाच देता येत नाही. रात्री मोटारसायकलच्या दिव्याचा खालचा झोत ढोबळमानाने ३० ते ४० मीटरपर्यंतच स्पष्ट दाखवितो. म्हणजे ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्यास उभी ट्रॉली दिसली तरी तिच्या अलीकडे थांबणे त्यास शक्य नसते. रात्रीचा नियम ह्यावरून सहज निघतो : जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवावा. खेड्यातील रस्त्यावर तो ताशी ४० च्या वर असू नये.

आता धडकेचा जोर पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे २० फूट खोल कोरड्या विहिरीत पडण्यासारखे आहे. ताशी ६० च्या वेगास विहिरीची खोली ४६ फूट होते. विहिरीच्या काठावर आपण जपून पाऊल टाकतो. गाडीचा वेग वाढविताना मात्र ती विहीर दिसत नाही, एवढाच फरक.

आणि घाईने मिळते काय? बारा किलोमीटरचा रस्ता ताशी ६० ने बारा मिनिटांत संपतो, ताशी ४५ ने सोळा मिनिटांत. वाचणारी चार मिनिटे आपण चावडीपुढे बोलत उभे राहून सहज घालवितो.

हेल्मेट : डोक्याचे कुंपण

इंग्लंडमध्ये १९३५ च्या मे महिन्यात, अरबस्तानातील मोहिमेमुळे प्रसिद्धी पावलेले टी. ई. लॉरेन्स हे गृहस्थ खेड्यातील रस्त्यावरून मोटारसायकलने जात होते. रस्त्याच्या उतारामुळे पुढील दोन सायकलस्वार मुले त्यांस वेळीच दिसली नाहीत. मुलांना वाचविण्यासाठी त्यांनी गाडी वळविली व ते स्वतः फेकले गेले. डोक्यास मार लागून सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढे केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व दाखवून दिले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचे झाले. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यावरून दिसून आले.

हेल्मेटचे काम समजून घेतले तर ते वापरण्याचा कंटाळा येणार नाही. वरचे कठीण कवच मार पसरवून देते. आतील थर्मोकोलसारखा जाड थर दाबला जाऊन मार शोषून घेतो. माळवदावरून खळ्याच्या चोपलेल्या जमिनीवर पडणे आणि कडब्याच्या गंजीवर पडणे ह्यांत जो फरक आहे, तोच येथे होतो. हा थर एकदा दाबला गेला की पुन्हा पूर्ववत होत नाही. सबब मोठा आघात झालेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे.

हेल्मेट घेताना व वापरताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. त्यावर आय. एस. आय. ची खूण असावी. १ जून २०२१ पासून ह्या खुणेवाचून हेल्मेट विकणे बेकायदेशीर आहे. रस्त्याच्या कडेस स्वस्तात मिळणाऱ्या पातळ टोप्या दंड चुकवितील, डोके वाचविणार नाहीत.

२. ते डोक्यावर घट्ट बसावे. मान हलविली असता ते डोक्याबरोबर हलावे, वेगळे फिरू नये.

३. हनुवटीखालील पट्टा प्रत्येक वेळी लावावा. पट्ट्याखाली दोन बोटे जातील एवढीच सैल जागा असावी. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्यास उडून जाते.

४. काच ओरखडे पडलेली अथवा काळी असू नये. रात्री तिच्यातून नीट दिसत नाही.

५. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट घरात असावेच. चालक व मागे बसणारा, चार वर्षांवरील मुलेसुद्धा, सर्वांस हेल्मेट घालणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ अन्वये बंधनकारक आहे. डोक्यास पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांपुरता त्यास अपवाद आहे.

शेत जवळच आहे, एवढ्यासाठी कशाला, असे म्हणून हेल्मेट खुंटीस टांगून ठेवण्याची रीत सोडली पाहिजे. अपघात अंतर विचारून येत नाही.

गावच्या रस्त्यावरील धोके

गतिरोधक : खेड्यातील पुष्कळसे गतिरोधक रंगविलेले नसतात व सावलीत दिसत नाहीत. शाळा, देऊळ, बसथांबा व गावाची वेस जवळ आली की वेग आधीच कमी करावा. ब्रेक गतिरोधकाच्या अलीकडे लावावा, त्यावर चढताना लावू नये. गाडी त्यावरून जाताना पायटांवर भार देऊन किंचित उचलून बसावे.

चिखल व खडी : पावसाळ्यात शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरी सडकेवर येते. तिच्यावरून पाणी गेले की ती साबणासारखी निसरडी होते. वळणावर मुरूम अथवा खडी पसरलेली असते. अशा जागी वेग आधीच कमी करून, गाडी सरळ ठेवून, एकदम ब्रेक न दाबता पुढे जावे. पावसाच्या पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास विशेष धोक्याचा असतो. कारण रस्त्यावरील धूळ व तेल पाण्यात मिसळून वर येते.

फरशी व पूर : ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये, मग ते गुडघाभर का असेना. खालील फरशी वाहून गेली आहे की शाबूत आहे हे वरून दिसत नाही आणि वाहत्या पाण्याचा रेटा गाडीस आडवा लागतो. पाणी ओसरेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

रस्त्यावरील खळे : सोयाबीन, तूर, ज्वारी इत्यादी पिके वाळविण्यासाठी व मळण्यासाठी सडकेवर पसरण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली आहे. सोयाबीनचे दाणे व तुरीची काटके चाकाखाली छऱ्यांप्रमाणे फिरतात व गाडी घसरते. त्याहून वाईट म्हणजे धान्य उचलल्यावर भोवती मांडलेले धोंडे तसेच राहतात आणि रात्री कोणाच्या तरी पुढच्या चाकाखाली येतात. आपले खळे दुसऱ्याचा घात करणारे ठरू नये. ताडपत्री अंथरून शेतातच मळणी करावी हे धान्याच्या प्रतीच्या दृष्टीनेही हितावह आहे. सडकेवरील खडा व डांबर मग धान्यात येत नाही.

गुरे व कुत्री : सायंकाळी गुरे परतण्याच्या वेळी वाहन सावकाश चालवावे व गुरांच्या मागच्या बाजूने जावे. गाय पुढे जाते, ती सहसा मागे वळत नाही. वासरू मात्र आईकडे धाव घेते. कुत्रे आडवे आले तर हँडल एकदम वळवू नये, गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक लावावेत.

उसाच्या ट्रॉल्या : गळिताच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागची ट्रॉली वळणावर झोल खाते, बाजूस उसाची टोके आलेली असतात व दोर सुटल्यास मोळ्या खाली येतात. अशा गाडीच्या अगदी मागे राहू नये. पुढे जावयाचे तर उजवीकडूनच, समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसत असता व हॉर्न देऊन जावे. डावीकडून घुसणे म्हणजे चाकाखाली जाण्यास आमंत्रण होय. चालकास ती बाजू दिसत नाही.

हमरस्त्यावर येताना : गावच्या वाटेवरून मोठ्या महामार्गावर येताना पुष्कळ अपघात होतात. येथे गाडी पूर्ण थांबवावी, पाय टेकवावा, उजवीकडे, डावीकडे व पुन्हा उजवीकडे पाहावे. दूरची मोटार लहान दिसते व सावकाश येत आहे असे वाटते, परंतु ताशी ९० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात २५ मीटर अंतर तोडते. दुभाजकाची वाट अर्धा किलोमीटर लांब आहे म्हणून उलट्या बाजूने जाण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये.

ओझे व माणसे

मोटारसायकल चालकासह दोघांसाठी आहे. तिसरा माणूस बसला की ब्रेक लागण्यास अधिक अंतर लागते व तोल बिघडतो. कायद्यानेही त्यास मनाई आहे. चार वर्षांखालील मुलास नेताना त्यास चालकाशी बांधणारा पट्टा असावा व वेग ताशी ४० च्या आत ठेवावा, मुलास मापाचे हेल्मेट असावे, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मुलास टाकीवर बसवू नये; धडकेत चालकाचा सर्व भार त्याच्यावर येतो.

साडी, ओढणी अथवा उपरण्याचा पदर मागच्या चाकात अडकून अनेक भगिनी जखमी झाल्या आहेत. मागील चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी, हातकडी व पायट ही नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीस असावयास पाहिजेत. गाडी घेतल्यावर ती काढून टाकू नयेत. पदर कमरेस खोचूनच बसावे.

दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंस समान वजनाच्या व घट्ट बांधलेल्या असाव्यात. युरियाची गोणी ४५ किलोची असते. ती पुढे टाकीवर आडवी ठेवल्यास हँडल पुरते वळत नाही. हँडलला पिशव्या अडकवू नयेत. विळा, कुऱ्हाड, खुरपी ह्यांची पाती गोणपाटात गुंडाळून बांधावीत. तुषार सिंचनाचे नळ, बांबू, लोखंडी सळ्या ह्या वस्तू मोटारसायकलवरून नेऊच नयेत. त्यांस बैलगाडी वा ट्रॉलीच योग्य. कीटकनाशकाची बाटली खाद्यपदार्थांच्या पिशवीत ठेवू नये. गाडी पडली तर एका अपघाताचे दोन होतात.

गाडीची निगा

बैलाच्या खुरास पत्री आहे की नाही हे आपण गाडी जुंपण्यापूर्वी पाहतो. तद्वत निघण्यापूर्वी दोन मिनिटे खर्चून पुढील गोष्टी तपासाव्यात : दोन्ही चाकांतील हवा, टायरवरील नक्षी झिजली आहे काय, पुढचा व मागचा ब्रेक, पुढचा दिवा, मागचा तांबडा दिवा व इंडिकेटर, साखळीचा ताण व तेल, आणि बाजूचा स्टँड वर घेतला आहे काय. स्टँड खाली राहिल्यामुळे डाव्या वळणावर कित्येक गाड्या उलटल्या आहेत. बाजूचे आरसे हे शोभेसाठी नसतात. ते काढून ठेवू नयेत.

पुढचा ब्रेक लावला की गाडी उलथते, म्हणून तो वापरूच नये, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबविण्याचे अधिक काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हळूहळू वाढत्या दाबाने लावावेत. खडीवर व चिखलात मात्र पुढचा ब्रेक अगदी हलक्या हाताने वापरावा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांस, १२५ सी. सी. पर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी व त्यापुढे चाक जाम होऊ न देणारी योजना बसविलेली असते. जुन्या गाड्यांस ती नाही, हे गाडी बदलून चालविताना ध्यानात ठेवावे.

दारू, थकवा व मुलांच्या हाती गाडी

दारू पिऊन गाडी चालविणे गुन्हा आहे हे सर्वांस ठाऊक आहे. रात्रभर पाणी धरून पहाटे डोळे मिटत असताना दूध घेऊन निघणे हेही तितकेच धोक्याचे आहे. अशा वेळी घरातील दुसऱ्यास पाठवावे किंवा थोडी झोप घेऊन निघावे. गाडीवर असताना खांदा व कान ह्यांच्यामध्ये फोन धरून बोलण्याची रीत तर अगदी सोडावी. निरोप महत्त्वाचा असेल तर तो थांबून ऐकावा.

मिसरूड न फुटलेल्या मुलाच्या हाती गाडी देण्यात काही पालकांस अभिमान वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायदा बाजूस ठेवला तरी, पहिल्याच पावसात नवख्या गोऱ्ह्यास कोणी पाभरीस जुंपत नाही. मुलाच्या बाबतीत तेवढा तरी विवेक असावा.

अपघात झाल्यास

प्रथम इतर वाहनांस सावध करण्यासाठी माणूस उभा करावा व १०८ अथवा ११२ क्रमांकावर फोन करून ठिकाण स्पष्ट सांगावे. जखमीस पाणी पाजू नये. मान वाकवू वा फिरवू नये. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे. जखमीस चौघांनी मिळून सरळ उचलावे. हातपाय धरून जीपमध्ये टाकू नये.

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ह्या भीतीने लोक पुढे येत नाहीत. २०१९ साली कायद्यात घातलेल्या कलम १३४क प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्यास नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रस्ता अपघातातील जखमीस मान्यताप्राप्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजना केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये जाहीर केली. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबास दोन लाख रुपये देणारी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ साली सुरू झाली. अशा वेळी परवाना व कागदपत्रे नीट नसली तर कुटुंबाची धावपळ होते. यास्तव परवाना, गाडीचा विमा व सातबारा ही घरात सर्वांस ठाऊक असलेल्या जागी ठेवावीत.

गावाने व कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

काही धोके एकट्याने दूर होत नाहीत. ग्रामसभेत गावाच्या शिवारातील अवघड वळणे, न दिसणारे गतिरोधक व खचलेल्या कडा यांची यादी करावी आणि ती संबंधित बांधकाम खात्याकडे लेखी पाठवावी. तोपर्यंत गावकऱ्यांनी वळणावरील वेडी बाभूळ तोडावी, कडेच्या धोंड्यांस चुना लावावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बैलगाडी व ट्रॉलीच्या मागे तांबड्या रेडियमची पट्टी लावून घ्यावी. बंद पडलेली ट्रॉली रस्त्याच्या बाहेर काढावी. ते शक्य नसेल तर दिवा घेऊन माणूस उभा करावा. शेतातून सडकेवर आलेला चिखल ज्याचा त्याने फावड्याने ओढून टाकावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी विशेष विनंती आहे. आपण गावात हेल्मेट घालून जावे. शेतकरी आपल्या भाषणापेक्षा आपले वागणे अधिक पाहतो. बी-बियाणे व खत यांचे वाटप सायंकाळी ठेवू नये. आणि सभा, मग पाहुणे येवोत वा न येवोत, अशा वेळी संपवावी की दूरच्या वस्तीवरील माणूस दिवेलागणीपूर्वी घरी पोचेल. माहिती अपुरी राहिली तर ती दुसऱ्या दिवशी देता येते.

त्या दोघा भावांपैकी थोरले आजही आमच्या सभांस येतात. ते मागे, दाराजवळ बसतात. आता पाहुण्यांची वाट न पाहता आम्ही ठरल्या वेळी काम सुरू करतो आणि पाचच्या आत संपवितो. एखाद्या दिवशी बोलणे लांबलेच तर पाच वाजता ते उठतात, भिंतीवरील खुंटीवरून दोन हेल्मेटे काढतात, एक आपल्या मुलाच्या डोक्यावर घालून पट्टा स्वतः लावतात आणि निघतात. त्यांस कोणी थांबवीत नाही. त्यांच्यामागून इतर लोकही उठतात, आणि मी कागद आवरतो.

शेतकरी बंधुभगिनींनो, पीक बुडाले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. घरचे माणूस गेले तर तो हंगाम परत येत नाही. आज सायंकाळी घरी गेल्यावर गाडीचा मागचा दिवा लागतो की नाही तेवढे पाहा, आणि दुसरे हेल्मेट घरात नसेल तर येत्या बाजारी ते आणा.